वारा फिरण्याआधी
‘ब्लॅक सॅटर्डे’चा घटनाक्रम : व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया, ७ फेब्रुवारी २००९

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्याचा दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सकाळपासून वायव्येचा, वाळवंटावरून तापून आलेला वारा सुटतो. दुपारी तो झोडपून काढतो. मग समुद्राकडून थंड हवा आत शिरते आणि वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येचा होतो. घामाघूम झालेल्या गावाला हायसं वाटतं. आग विझवणाऱ्यांच्या पोटात मात्र तेव्हाच गोळा उठतो.

कारण साधं आहे. वायव्येच्या वाऱ्यावर धावणारी आग लांब आणि अरुंद असते. तिचं तोंड एक-दोन किलोमीटरचं, तर बाजूची कड तीस-चाळीस किलोमीटरची. वारा नैर्ऋत्येचा झाला की ही सगळी कड तोंड बनते. भाला फेकणाऱ्याने तोच भाला आडवा धरून धावत सुटावं, तसा तो प्रकार. सकाळपासून जी गावं ‘आगीच्या वाटेवर नाहीत’ म्हणून निर्धास्त असतात, तीच एका क्षणात वाटेवर येतात.

हा धडा व्हिक्टोरियाने माणसं गमावून शिकलेला होता. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी, ‘अ‍ॅश वेन्सडे’च्या वणव्यात, अपर बीकन्सफील्ड इथे वारा फिरला आणि पँटन हिल व नॅरे वॉरन या गावांच्या पथकांतले १२ स्वयंसेवक आपल्या टँकरांसह आगीत सापडून गेले. २ डिसेंबर १९९८ रोजी लिंटनजवळ वारा फिरला आणि जिलाँग वेस्टच्या टँकरवरचे पाच स्वयंसेवक गेले. त्यानंतर राज्याच्या अग्निशमन दलाने नियम कडक केले. टँकरमधलं सगळं पाणी कधीच संपवायचं नाही, स्वतःच्या बचावापुरतं राखून ठेवायचं. आगीने वेढलं तर लोकरीच्या ब्लँकेटखाली गाडीतच थांबायचं. आणि वारा कधी फिरणार, हे प्रत्येक पथकाला रेडिओवरून आधी कळलंच पाहिजे.

७ फेब्रुवारी २००९ रोजी वारा संध्याकाळी सहाच्या आसपास फिरणार होता. हवामान खात्याने ते आधी सांगितलं होतं आणि ते जवळजवळ तंतोतंत खरं ठरलं.

आधीचे दहा दिवस

२८, २९ आणि ३० जानेवारीला मेलबर्नचा पारा लागोपाठ ४३.४, ४४.३ आणि ४५.१ अंशांवर गेला. रेल्वेचे रूळ वाकले, वीज गेली. त्या उष्म्याने राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, असा सरकारी हिशोब पुढे लागला. त्याआधी दहाएक वर्षं दुष्काळ होता आणि जानेवारीत पावसाचा जेमतेम शिडकावा झाला होता. निलगिरीच्या जंगलात सालींच्या लोंबत्या पट्ट्या आणि पायाखालचा पाचोळा वाळून कोळ झाला होता. निलगिरीची हीच साल पेटली की वाऱ्यावर उडते आणि मैलोन् मैल पुढे नवी आग लावते.

मेलबर्नच्या पूर्वेला बनिप अभयारण्याच्या भागात ४ फेब्रुवारीपासून आग धुमसत होती. राज्याच्या नियंत्रण केंद्राचे डोळे तिच्यावर लागलेले होते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी : वारा फिरायला २४ तासांहून अधिक

राज्याचे प्रमुख जॉन ब्रंबी जाहीरपणे सांगतात की उद्याचा दिवस कल्पनेत येईल तितका वाईट असेल. गरज नसेल तर बाहेर पडू नका, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे लक्ष ठेवा. राज्यभर उघड्यावर आग पेटवायला बंदी होते.

धोक्याचं मोजमाप एका निर्देशांकावर होतं. १९३९च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला, ज्या वणव्यात ७१ माणसं गेली, त्या दिवसाला १०० मानून तो बसवलेला होता. म्हणजे १०० हा कळस. शनिवारसाठीचे अंदाज १०० ओलांडून पुढे जात होते. पट्टीच संपली होती आणि त्यापुढच्या दिवसासाठी वेगळी सूचना अस्तित्वात नव्हती.

रात्री गावोगावच्या अग्निशमन ठाण्यांत पंप सुरू करून बघितले जातात, टाक्या भरल्या जातात. हे ‘कंट्री फायर अथॉरिटी’चं, म्हणजे सीएफएचं जाळं. १९३९ आणि १९४४च्या वणव्यांनंतर १९४५मध्ये ते उभं राहिलं. राज्यात सुमारे १२०० पथकं आणि साठ हजारांच्या घरात स्वयंसेवक. पगार नाही. शेतकरी, शिक्षक, गवंडी, दुकानदार, परिचारिका, कॉलेजातली पोरं. कॅप्टन कोण, हे पथकातले लोक मतदानाने ठरवतात. पेजर वाजला की हातातलं काम टाकून ठाण्याकडे धावायचं. वादळात झाड रस्त्यावर पडलं, अपघातात गाडी अडकली, तरी हीच माणसं. टँकरमध्ये तीन-चार हजार लिटर पाणी असतं. गवताची आग त्यात मरते. उभं जंगल पेटलं तर तेवढ्या पाण्यात एखाद-दुसरं घर वाचतं.

बाकीच्या घरांसाठी राज्याचं धोरण होतं, ‘तयारी करा, थांबा आणि घर लढवा, नाहीतर लवकर निघा’. त्यामागे अनुभव होता. जुन्या वणव्यांत बरेच लोक शेवटच्या घटकेला रस्त्यावर पळताना गेले होते आणि धीराने घर लढवणारे वाचले होते. मात्र या धोरणात एक गृहीतक दडलेलं होतं, ते म्हणजे निर्णय घ्यायला लोकांना वेळ मिळेल.

शनिवार, सकाळी ८ : १० तास

उकाडा सकाळीच असह्य आहे. बनिपची आग तिला रोखायला आखलेली रेषा ओलांडून बाहेर पडली आहे. मेलबर्नमधल्या नियंत्रण केंद्रात सीएफएचे प्रमुख रसेल रीस आणि वनखात्याच्या अग्निशमन विभागाचे प्रमुख युवन वॉलर यांची माणसं कामाला लागली आहेत. गावांतल्या ठाण्यांत स्वयंसेवक पेजरची वाट न बघताच येऊन बसले आहेत.

मेलबर्नच्या ईशान्येच्या डोंगरकड्यावर किंगलेक हे गाव आहे. जंगलातली घरं, दरीचा नजारा, शहराच्या मानाने स्वस्त जमीन. वर जाणारे रस्ते वळणावळणाचे आणि दोन्ही बाजूंना झाडी. तिथली कित्येक कुटुंबं त्या सकाळी एकच गोष्ट ठरवतात : बघू या, आग आली तर निघू. नंतर अभ्यासकांनी वाचलेल्यांशी बोलून या ‘बघू या’चा हिशोब मांडला. थांबण्याची तयारीही पुरती नाही आणि निघण्याची वेळही ठरलेली नाही, अशी फार मोठी संख्या त्यात निघाली.

११.४७ : सहा तास

मेलबर्नच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर किलमोर ईस्ट इथे एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर गेलेली वीजतार तुटते. दोन खांबांमधलं अंतर सुमारे एक किलोमीटर. तार ४३ वर्षांची. टोकाला ती ज्या जोडात बसवतात तिथे ती नीट बसलेली नव्हती. वाऱ्याने तिचा पीळ वर्षानुवर्षं हलत राहिला आणि आतले धागे झिजत गेले, असं पुढे चौकशीत निघालं. लोंबती तार खाली ठिणग्या पाडते आणि कोरडं गवत भडकतं.

टेहळणी मनोऱ्यावरून धूर दिसतो. मिनिटा-दोन मिनिटांत किलमोरचं पथक निघतं. साध्या दिवशी ही आग अर्ध्या तासात विझली असती. आज वारा तिला एका लागवडीच्या बनात नेतो आणि झाडांचे शेंडे पेटतात. तिथून पुढे पाइप घेऊन तिच्यासमोर उभं राहणं शक्य नाही. आगीच्या एका मीटर लांबीतून चार हजार किलोवॉटच्या वर उष्णता निघू लागली की तिला समोरून अडवता येत नाही, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. या आगीचा जोर दिवसभरात मीटरला ८८ हजार किलोवॉटपर्यंत गेल्याचा अंदाज पुढच्या शास्त्रीय अभ्यासात मांडला गेला.

१२.३० ते १.३० : पाच तास

आता आगी एकामागून एक लागू लागतात. पश्चिमेला होर्शॅमजवळ, नंतर कोलरेनजवळ. दीडच्या सुमारास पूर्वेला गिप्सलँडमधल्या चर्चिल गावाबाहेर एक माणूस मुद्दाम आग लावतो. त्याला पुढे शिक्षा झाली. त्या आगीने ११ जण मारले.

सीएफए आणि वनखातं मिळून त्या दिवशी तीनशेहून अधिक आगींवर गेले. बहुतेक सगळ्या त्यांनी सुरुवातीलाच आटोक्यात आणल्या. त्या विझलेल्या आगींमागची पथकं, त्यांचे टँकर आणि शेतकऱ्यांनी आपापल्या गाड्यांवर चढवलेल्या टाक्या यांची नावं कुठल्या बातमीत आली नाहीत. पंधरा आगी हाताबाहेर गेल्या नसत्या तर आज हा दिवस कुणाला आठवलाही नसता.

दुपारी २ : चार तास

किलमोर ईस्टची आग वँडाँगमधून जाते आणि ह्यूम फ्रीवे ओलांडते. सिडनी-मेलबर्न हा चांगला चौपदरी रस्ता. आग तिथे थांबेल अशी काहींना आशा होती. जळत्या साली त्याच्यावरून उडत गेल्या. पुढे माउंट डिसअपॉइंटमेंटचा जंगलाने भरलेला डोंगर. त्यात आग शिरते आणि तिथून तिच्यावर कुणाचंच नियंत्रण उरत नाही. किती पुढे गेली, हेसुद्धा धुरामुळे दिसेनासं होतं.

इथे एक कागदी सीमा आडवी येते. आग किलमोरमध्ये लागली, म्हणून तिची जबाबदारी आणि तिच्याबद्दलचे इशारे देण्याचा अधिकार किलमोरच्या नियंत्रण केंद्राचा. ती ज्या गावांकडे निघाली होती त्यांच्या बाजूला, दक्षिणेत, कांगारू ग्राउंडचं केंद्र होतं. तिथे अनुभवी माणसं होती, टेहळणी मनोरा होता. आग कुठे पोहोचेल याचे नकाशे त्यांनी तयार केले होते, लोकांसाठी इशाऱ्याचा मजकूरही केला होता. पण आग ‘त्यांची’ नव्हती. मजकूर बाहेर गेला नाही.

किलमोरचं केंद्र मात्र माणसांनी आणि साधनांनी अपुरं होतं. समोर पेटलेल्या आगीत ते बुडालेलं होतं आणि पस्तीस किलोमीटर पुढच्या गावांचा विचार करायला त्याला उसंत नव्हती.

३.०४ : तीन तास

मेलबर्नचा पारा ४६.४ अंश. शहरात नोंदलेलं हे आजवरचं सर्वाधिक तापमान. राज्याच्या वायव्येला होपटाउनमध्ये ४८.८. हवेतली आर्द्रता एक आकडी. डोंगरांवर वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास.

तीनच्या जरा आधी मरिन्डिन्डी भागात, एका लाकूड गिरणीच्या जवळ, आणखी एक आग लागते. तीही आग्नेयेकडे धावू लागते. तिची ईशान्येची कड मेरीजव्हिल या गावाच्या अंगाला आहे. पाचेकशे वस्तीचं, धबधबे आणि चहाच्या दुकानांसाठी ओळखलं जाणारं ते डोंगरातलं गाव. मधुचंद्राला जाणाऱ्या मेलबर्नकरांचं आवडतं.

किलमोर ईस्टच्या आगीवर आता धुराचा ढग आकाशात चढलेला आहे. तो स्वतःच वादळासारखा वागतो, त्यात विजा कडाडतात. त्या उष्ण प्रवाहात वर गेलेल्या साली पुढे तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर पडल्या, असं नंतर मोजलं गेलं. म्हणजे नकाशावर आगीची एक रेषा काढून ‘इथवर आली’ असं म्हणण्याला अर्थच उरला नाही. पुढे, मागे, बाजूला सगळीकडे जंगल एकाच वेळी पेट घेत होतं.

दुपारी ४ : दोन तास

आग डोंगराच्या दक्षिणेला उतरते. स्ट्रॅथेवन, सेंट अँड्र्यूज. स्ट्रॅथेवन म्हणजे दोनशेच्या घरात वस्ती, एक शाळा, एक सभागृह. तिथे २७ माणसं गेली. त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत इशारा पोहोचण्याआधी आग पोहोचली.

आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लागेना. वणव्याच्या माहितीची फोनसेवा कोलमडली. सरकारी रेडिओवर लोक स्वतः फोन करून सांगत होते की आमच्या मागच्या टेकडीवर ज्वाळा दिसताहेत. कित्येकांना पहिली खबर मिळाली ती अशी, किंवा शेजाऱ्याच्या हाकेने. वेबसाइटवरचे इशारे तासाभरापूर्वीच्या आगीबद्दल बोलत होते.

स्थानिक पथकांना आता दोन हाका येतात. शेजारच्या गावाची मदतीची आणि आपल्या गावाची. किंगलेकचे टँकर गावाबाहेरच्या आगीकडे गेलेले आहेत. त्यात वावगं काही नव्हतं. सीएफएची रचनाच अशी की ज्याच्याकडे आग, त्याच्याकडे सगळे. किंगलेकची स्वतःची पाळी येणार आहे, हे कुणी त्यांना ठामपणे सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ५ : एक तास

थंड हवेचा पट्टा मेलबर्नजवळ आला आहे. वारा कुठे, किती वाजता फिरेल, हे हवामान खातं सांगतंय. आगीच्या मैदानातल्या पथकांसाठी रेडिओवर त्याच्या खास सूचना निघतात. त्या सगळ्यांपर्यंत सारख्या पोहोचल्या नाहीत, अशी नोंद पुढे झाली. तरीही टँकरवरच्या बहुतेक कॅप्टनांना आपल्याला आता कुठे असायचं नाही, हे ठाऊक होतं. पँटन हिल आणि लिंटनने ते शिकवलं होतं.

मेलबर्नच्या नियंत्रण केंद्रातही उत्तर हजर होतं. मेलबर्न विद्यापीठाचे वणव्याचे अभ्यासक डॉ. केविन टॉलहर्स्ट आणि त्यांचे सहकारी तिथेच बसून वारा फिरल्यावर आग कुठल्या गावांवर जाईल याचे नकाशे काढत होते. ज्यांनी राज्याला इशारा द्यायचा, त्या सीएफए प्रमुखांनी ते नकाशे पाहिलेच नाहीत, हे पुढे चौकशीत उघड झालं.

एकाच इमारतीत धोका कळलेली माणसं होती आणि धोका सांगण्याचा अधिकार असलेली माणसंही होती. दोघांमध्ये दार होतं, कुणी ते ठोठावलं नाही. वारा कधी फिरणार, याची बातमी टँकरवर बसलेल्यांसाठी होती. त्याच रस्त्यावरच्या घरांत बसलेल्यांसाठी ती नव्हती.

सहाच्या सुमारास : वारा फिरतो

किंगलेकमध्ये आकाश काळं, मग लाल होतं. डोंगराखालून आग चढू लागते. चढावर आग सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या झाडांवर झुकलेल्या असतात आणि ती पेटण्याआधीच वाळतात. काही मिनिटांत ती कड्यावर पोहोचते.

आता निघालेल्यांना धुरात रस्ता दिसत नाही. गाड्या एकमेकींवर आदळतात, पडलेल्या झाडांवर आदळतात. थांबलेल्यांपैकी कित्येकांची वीज गेली आहे, म्हणून पंप बंद. प्लॅस्टिकचे नळ वितळले. छपरात ठिणगी शिरली. त्या दिवशीच्या १७३ मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत गेले.

किंगलेकमध्ये लोक अग्निशमन ठाण्याकडे धावतात. टँकर बाहेर आहेत, शेडमध्ये बायका, मुलं, कुत्री आणि भाजलेली माणसं. ठाण्यावर राहिलेले स्वयंसेवक, त्यांच्या घरच्या बायका आणि गावातल्या दोघी-चौघी जाणत्या मिळून जखमींना धुऊन, ओल्या कापडांत गुंडाळून ठेवतात. रुग्णवाहिका वर येऊ शकत नाही, रस्ते झाडांनी बंद आहेत. खाली गेलेल्या पथकांतले लोक करवतीने झाडं कापत परत गावाकडे येण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्यातल्या काहींना आपल्या घरचं कुणी जिवंत आहे की नाही हे माहीत नाही. तरी ते वाटेतल्या दुसऱ्यांच्या दारात थांबतात.

साधारण याच वेळी राज्याच्या मुख्य पोलीस आयुक्त क्रिस्टीन निक्सन नियंत्रण केंद्रातून निघून जेवायला जातात. तो निर्णय पुढे चौकशी आयोगाच्या टीकेचा विषय झाला.

पावणेसात

मरिन्डिन्डीच्या आगीची कड वळते. दुपारभर ती मेरीजव्हिलच्या बाजूने, दुरून जात होती. वारा फिरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती गावात शिरते. गावाचं मैदान, गॅलिपोली पार्क, तेवढं सुरक्षित राहतं. काही लोक आणि अग्निशमनाची गाडी तिथे थांबून वाचतात. अनेक जण शेवटच्या क्षणी पोलिसांच्या आणि स्वयंसेवकांच्या सांगण्यावरून अलेक्झांड्राच्या दिशेने निघून गेलेले असतात. गावातल्या चारशेहून अधिक इमारतींपैकी उभ्या राहिल्या त्या जेमतेम चौदा. शाळा, पोलीस चौकी, हॉटेलं, सगळं गेलं. मरिन्डिन्डीच्या आगीतल्या मृतांचा आकडा पुढे ४० झाला.

पारा भराभर उतरतो. मेलबर्नमध्ये लोक खिडक्या उघडतात, गार वाऱ्यात बाहेर बसतात. शहरातल्या बहुतेकांना अजून काही कळलेलं नाही.

रात्र आणि पुढचे दिवस

सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा दोन आकड्यांत होता. रविवारी तो वाढत गेला, सोमवारी आणखी. पोलीस घरोघरी राख चाळत होते. ‘ब्लॅक सॅटर्डे’च्या नावावर शेवटी १७३ मृत्यू नोंदले गेले आणि दोन हजारांहून अधिक घरं. त्यातले ११९ मृत्यू आणि १२४२ घरं एकट्या किलमोर ईस्टच्या आगीची.

सीएफएच्या टँकरांवरून त्या दिवशी आगीशी लढताना एकही माणूस गेला नाही. दहा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, कॅनबेराहून मदतीला आलेला एक अग्निशामक जळकं झाड अंगावर पडून गेला. आगी पूर्ण विझायला मार्च उजाडला. तोवर स्वयंसेवक पाळीपाळीने डोंगरात होते. आपली घरं जळालेले स्वयंसेवकही त्यांच्यात होते.

चौकशी

निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १५५ दिवस साक्षी झाल्या, ४३४ साक्षीदार तपासले गेले. ३१ जुलै २०१० रोजी अंतिम अहवाल आला, त्यात ६७ शिफारशी होत्या. त्याआधीच, एप्रिलमध्ये, रसेल रीस यांनी राजीनामा दिला होता. वीज कंपनी आणि सरकारी यंत्रणांविरुद्ध किलमोर ईस्टच्या पीडितांनी केलेला दावा २०१४मध्ये सुमारे ४९.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटला. जुन्या तारा बदलण्याचं काम सुरू झालं.

या अहवालात दोषींची यादी शोधणाऱ्याला ती सापडेल. मला मात्र त्यातली एकच रेघ सगळ्यांत ठळक वाटते. सीएफएने १९८३ आणि १९९८मध्ये सतरा स्वयंसेवक गमावून वाऱ्याचा धडा शिकला, त्याचे नियम केले, सराव केला आणि म्हणून २००९च्या महाभयंकर दिवशी टँकरवरची माणसं घरी परतली. तोच धडा टँकरच्या पलीकडे, घरांपर्यंत कुणी नेला नव्हता. पथकाला सांगितलं जात होतं, ‘सहाच्या आधी त्या कडेला राहू नका’. त्या कडेलाच राहणाऱ्या गावाला सांगितलं जात होतं, ‘तुमची योजना तयार ठेवा’. पहिल्या वाक्यात वेळ आणि जागा आहे. दुसऱ्यात दोन्ही नाहीत.

आयोगाच्या शिफारशींचा मोठा भाग ही दरी बुजवण्याचाच आहे. आगीची जबाबदारी कुणाकडे आहे, हा प्रश्न इशारा देण्याच्या आड येऊ नये. मोठ्या आगींसाठी नियंत्रण केंद्र आणि त्यातली माणसं आधीच नेमलेली असावीत. लोकांना त्यांच्या गावाचं नाव घेऊन, काय करायचं ते स्पष्ट सांगणारे इशारे जावेत. २००९च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात फोनवर थेट इशारा पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली. गावागावात शेवटच्या आसऱ्याच्या जागा ठरवल्या गेल्या. आणि निर्देशांकाच्या १०० वरच्या दिवसाला वेगळं नाव मिळालं. व्हिक्टोरियात आधी त्याला ‘कोड रेड’ म्हणत, २०२२पासून साऱ्या देशात ‘कॅटास्ट्रॉफिक’.

असा दिवस जाहीर झाला की सीएफए लोकांना आता जे सांगते, त्यात ‘थांबा आणि लढवा’ नाही. आदल्या रात्री किंवा पहाटेच निघा, धूर दिसायची वाट बघू नका. आणि तुमच्या दारात टँकर येईलच असं धरून चालू नका. हजारो स्वयंसेवकांच्या दलाने आपल्याच लोकांना एवढं स्पष्ट सांगण्यात कमीपणा मानला नाही. ते आधी सांगितलं गेलं असतं, तर त्या शनिवारी सकाळी किंगलेकच्या कित्येक घरांतून गाड्या निघाल्या असत्या.